कशावर दळले?

पुढच्या वेळी दळण घेऊन गिरणीत जाल तेव्हा जरा थांबून कान द्या. रांगेतली एखादी बाई डबा पुढे सरकवण्याआधी हमखास विचारते, “दादा, आता कशावर चालू आहे?” बाजरीवर लगेच गहू दळला तर पोळ्या काळपट होतात, हे तिला ठाऊक असते. उपासाचे राजगिऱ्याचे पीठ ज्वारीवर दळलेले तिला चालत नाही. चक्कीच्या दगडांत, खालच्या मुखाशी, कापडी पिशवीच्या शिवणीत आधीच्या धान्याचे पीठ उरलेले असते आणि ते पुढच्या दळणात उतरते, ही गोष्ट तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेली नाही.

बहुतेकांच्या दृष्टीने हा पोळीच्या रंगाचा किंवा उपासाचा प्रश्न असतो. काही मुलामुलींच्या बाबतीत मात्र तो प्रकृतीचा प्रश्न असतो. गव्हाचा अंशही पोटात जाऊन त्यांना चालत नाही. म्हणून “कशावर दळले?” हा प्रश्न त्यांना गिरणीतच नव्हे, तर चिवड्याच्या, शेवेच्या आणि वेफर्सच्या प्रत्येक पुड्याला विचारावा लागतो. पुडा मात्र त्याचे उत्तर क्वचितच पूर्णपणे देतो. असे का होते, आणि ‘अंश’ म्हणजे नेमका किती, हे आज थोड्या आकडेमोडीच्या साहाय्याने पाहू या.

ग्लूटेन: घरीच वेगळे करा

वाटीभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग तो गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळत धुवा. पांढरे दुधी पाणी वाहू लागेल. ते पाणी म्हणजे निघून जाणारा स्टार्च होय. पाणी जवळजवळ स्वच्छ येऊ लागले की हातात एक चिवट, रबरासारखा ताणला जाणारा करडा गोळा उरेल. हेच ग्लूटेन. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या शास्त्रज्ञाने याच रीतीने ते वेगळे केले आणि त्याचे वर्णन १७४५ मध्ये प्रसिद्ध झाले. तांदळाच्या किंवा ज्वारीच्या पिठाचा गोळा असा धुऊन पाहा. हातात काहीच उरणार नाही.

या प्रयोगातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ग्लूटेन पाण्यात विरघळत नाही. दुसरी, ते चिकट आहे. पुढे या दोन्ही गोष्टी कामाला येणार आहेत.

ग्लूटेन हे प्रथिनांचे मिश्रण आहे. गव्हाबरोबरच सातू (जव) आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. आपल्या जिल्ह्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्राने गव्हाचे त्र्यंबक, तपोवन आणि गोदावरी हे वाण दिले. या सर्वांत ग्लूटेन आहे. खपली गव्हात आणि बन्सीतही ते आहे. “खपली पचायला हलकी, ती चालेल” असे जे सांगितले जाते, ते या रोगाच्या बाबतीत चुकीचे आणि धोक्याचे आहे. रवा, मैदा, शेवया, दलिया ही तर गव्हाचीच रूपे. उलट इगतपुरीचा तांदूळ, पेठ-सुरगाण्याची नागली, ज्वारी, बाजरी, मका, भगर आणि सर्व डाळी यांत हे ग्लूटेन मुळातच नसते.

आतड्यात काय घडते?

या रोगाचे नाव सीलिअ‍ॅक रोग. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. घडी घातलेल्या कापडाप्रमाणे त्यांच्यामुळे पृष्ठफळ पुष्कळ वाढते आणि अन्नरस शोषला जातो. ग्लूटेनमधील काही तुकडे आपल्या पाचक रसांना पूर्णपणे तोडता येत नाहीत. बहुतेकांच्या शरीरात ते निरुपद्रवी ठरतात. परंतु विशिष्ट जनुके असलेल्या काही व्यक्तींच्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा त्या तुकड्यांना शत्रू समजते आणि या लढाईत स्वतःच्याच आतड्यावर घाव घालते. रसांकुर झिजून सपाट होतात, शोषणाचे पृष्ठफळ घटते. मग भरपूर खाऊनही मूल वाढत नाही, रक्तात लोह कमी पडते, हाडे कमकुवत होतात. कोणाला जुलाब होतात, तर कोणाला बाहेरून काहीच जाणवत नाही आणि आत झीज मात्र चालू राहते.

याचे कारण गव्हात आहे, हे कळायला फार वर्षे लागली. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये रोगाचे वर्णन नीट मांडले. पण कारण सापडले नव्हते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० नंतरच्या दशकातच गव्हाचा संशय येऊ लागला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा या रोगाची मुले सुधारल्याचे दिसले. पाव परत आला आणि त्यांचे दुखणेही परत आले. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. आपल्याकडे उत्तर भारतातील मुलांत हा रोग असल्याचे १९६६ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हजार प्रौढांमागे उत्तर भारतात सुमारे १२, ईशान्येत सुमारे ९ आणि दक्षिणेत सुमारे १ असे प्रमाण आढळले. जेथे गहू अधिक खाल्ला जातो तेथे रोग अधिक दिसतो.

यावर सध्या एकच उपचार आहे: ग्लूटेन जन्मभर वर्ज्य. ते पाळले तर आतडे पुन्हा भरून येते आणि मूल इतरांसारखेच वाढते. म्हणूनच ते नीट पाळता येणे महत्त्वाचे.

किती म्हणजे फार?

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हा रोग असलेल्या व्यक्तींना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिले असता आतड्याला इजा झालेली दिसली. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुतेकांना सोसते, असे मानले जाते.

आता हे आकडे स्वयंपाकघरात आणू. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ८ ग्रॅम ग्लूटेन धरा. म्हणजे १० मिलिग्रॅम ग्लूटेनसाठी पीठ लागते अवघे १२५ मिलिग्रॅम, म्हणजे एक-अष्टमांश ग्रॅम! एका पोळीला ३० ग्रॅम कणीक लागत असेल, तर त्या पोळीचे २४० तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे दिवसाची मर्यादा.

या विचारातूनच आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थासाठी एका किलोग्रॅमला २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवली. भारतातही हीच मर्यादा आहे. एका किलोग्रॅममध्ये दहा लक्ष मिलिग्रॅम असतात, म्हणून हे प्रमाण २० दशलक्षांश झाले. पिठाच्या भाषेत सांगायचे तर एक किलो चिवड्यात पाव ग्रॅम मैदा. एक सपाट चमचा मैदा साधारण अडीच ग्रॅम भरतो. म्हणजे तेवढा एक चमचा दहा किलो चिवड्याला मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसा आहे.

चिवड्यात गहू येतो कोठून?

नाशिकचा चिवडा प्रसिद्ध आहे. पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबरे, मिरची, कढीलिंब. यात गहू कोठेच नाही. तरी गव्हाला आत शिरायला निदान चार दारे आहेत.

पहिले दार हिंगाचे. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की बाजारात मिळणारा हिंग बहुधा डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळून तयार केलेला असतो. समजा, किलोभर चिवड्याला २ ग्रॅम हिंग घातला आणि त्यात ४० टक्के मैदा आहे. मैदा झाला ०.८ ग्रॅम, ग्लूटेन झाले ६४ मिलिग्रॅम. मर्यादेच्या तिप्पट! येथे गहू चुकून आलेला नाही. तो घटकाच्या पोटात लपून आला आहे. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग वापरला की हे दार बंद होते.

दुसरे दार गिरणीचे. शेवेचे बेसन, चकलीची भाजणी, तांदळाचे पीठ ही जर गव्हाच्याच चक्कीवर दळली असतील तर? समजा, चक्कीत २०० ग्रॅम गव्हाचे पीठ उरले होते आणि त्यावर ५ किलो ज्वारी दळली. २०० ग्रॅम पिठात १६ ग्रॅम ग्लूटेन, ते पाच किलोत वाटले गेले. प्रमाण झाले किलोला ३,२०० मिलिग्रॅम. हा आकडा अतिशयोक्तीचा वाटतो का? २०१० मध्ये अमेरिकेत मुळात ग्लूटेन नसलेल्या धान्यांचे व पिठांचे २२ नमुने बाजारातून घेऊन तपासले. त्यांपैकी ७ नमुन्यांत २० दशलक्षांशांहून अधिक ग्लूटेन निघाले आणि सोयाबीनच्या एका पिठात ते २,९२५ दशलक्षांश होते.

तिसरे दार कढईचे. सकाळी त्याच तेलात शंकरपाळे तळले आणि दुपारी चिवड्याचे पोहे. शंकरपाळ्यांचा चुरा तेलात तरंगत राहतो आणि पोह्यांना चिकटून झाऱ्यावर येतो. अमेरिकेतच उपाहारगृहांतल्या, गव्हाच्या पदार्थांबरोबर एकाच तेलात तळलेल्या बटाट्याच्या फ्राइजचे २० नमुने तपासले, तेव्हा त्यांतले एक-चतुर्थांश ग्लूटेनमुक्त म्हणता येण्यासारखे नव्हते.

चौथे दार हवेचे. हे दार पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या खास ओळखीचे आहे.

पिठाची धूळ किती वेळ तरंगते?

हवेतून पडणाऱ्या लहान गोलकावर गुरुत्वाकर्षण खाली ओढ लावते आणि हवेची विष्यंदिता (श्यानता) वर अवरोध करते. दोन्ही समान झाले की कण स्थिर अशा अंतिम वेगाने खाली येतो. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे हा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला तर वेग एक-चतुर्थांश. पिठाची घनता पाण्याच्या १.४ पट धरून स्तब्ध हवेत २ मीटर खाली येण्यास लागणारा काळ असा मिळतो:

२० मायक्रोमीटर व्यासाचा कण: सुमारे २ मिनिटे
१० मायक्रोमीटर व्यासाचा कण: सुमारे ८ मिनिटे
५ मायक्रोमीटर व्यासाचा कण: सुमारे अर्धा तास

हवा मात्र स्तब्ध कधीच नसते. सेकंदाला केवळ २० सेंटिमीटर अशी मंद झुळूक असली, तरी १० मायक्रोमीटरचा कण खाली येईपर्यंत ९० मीटरांहून अधिक दूर जाऊ शकेल. म्हणजे कारखान्याच्या एका कोपऱ्यात मैदा चाळला, तर दुसऱ्या कोपऱ्यातल्या उघड्या परातीवर त्याची धूळ बसणारच. यंत्रे हवेच्या झोताने ‘स्वच्छ’ करणे येथे अगदी उलट परिणाम करते. बसलेली धूळ पुन्हा उडते.

तळल्याने नाहीसे होत नाही का?

पुष्कळांना वाटते की कढत तेलात सगळेच ‘मरते’. जंतूंच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण जंतू जिवंत असतात. ग्लूटेन जिवंत नाही. उष्णतेने त्याच्या रेणूची घडी विसकटते, पण अमिनो आम्लांची साखळी बहुतांशी तशीच राहते. प्रतिकारयंत्रणा ओळखते ती साखळीतल्या लहान तुकड्यांतील क्रम, घडी नव्हे. दोरीची गाठ सोडली म्हणून दोरी नाहीशी होत नाही, तसेच हे.

नुसत्या पाण्याने विसळणेही पुरत नाही. ग्लूटेन पाण्यात विरघळत नाही आणि चिकटते, हे आपण प्रयोगात पाहिलेच. साबण लावून, घासून, भरपूर पाण्याने धुवावे लागते. चाळणीच्या जाळीतून आणि लाकडी पोळपाटाच्या भेगांतून तर ते तसेही निघणे कठीण. म्हणून चाळणी आणि पोळपाट स्वतंत्रच हवेत.

सरासरी फसवते

समजा, १०० किलो चिवड्याच्या घाण्यात शंकरपाळ्याचा एकच तुकडा पडला. वजन अर्धा ग्रॅम, त्यात निम्मा मैदा, म्हणजे ग्लूटेन २० मिलिग्रॅम. सरासरी काढली तर किलोला ०.२ मिलिग्रॅम, मर्यादेच्या शंभराव्या भागाइतके. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणेल, उत्तम.

पण तुकडा काही १०० किलोत विरघळत नाही. तो ५० ग्रॅमच्या एका पुड्यात जातो. त्या पुड्यातले प्रमाण किलोला ४०० मिलिग्रॅम, आणि तो पुडा ज्या मुलाच्या हाती पडेल त्याच्या पोटात एका वेळी २० मिलिग्रॅम. उरलेले १,९९९ पुडे पूर्ण निर्दोष. पीठ मिसळते आणि सारखे पसरते; चुरा मिसळत नाही. म्हणून कारखान्याने एखादा नमुना तपासून थांबणे पुरेसे नाही. चुरा पडणारच नाही अशी मांडणी करावी लागते: स्वतंत्र कढई, स्वतंत्र तेल, स्वतंत्र पॅकिंग यंत्र. ते शक्य नसेल तर निदान रात्री सर्व धुऊन सकाळी प्रथम गव्हाविना पदार्थ आणि शेवटी गव्हाचे, असा क्रम हवा.

पुडा वाचताना

भारताच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार, पदार्थात गहू, सातू, राय, ओट यांसारखी धान्ये घातली असतील तर ‘कंटेन्स’ म्हणजे ‘समाविष्ट’ असे, आणि ती चुकून मिसळण्याचा संभव असेल तर ‘मे कंटेन’ म्हणजे ‘असू शकेल’ असे लिहायचे असते. तेव्हा पुडा तीन पायऱ्यांनी वाचा. घटकांत गहू, मैदा, रवा, सातूचे माल्ट आहे का? हिंग असल्यास तो कशात बांधला आहे? खाली ‘असू शकेल’ अशी सूचना आहे का? यांपैकी कशाचाही उल्लेख नसला, तरी ती खात्री नव्हे. घटकांची यादी कढईत काय घातले ते सांगते. त्या कढईत आधी काय होते ते सांगत नाही. ‘ग्लूटेनमुक्त’ असे स्पष्ट लिहिलेला पुडाच २० दशलक्षांशांच्या मर्यादेशी बांधलेला असतो. सुट्या, किलोवर मिळणाऱ्या फरसाणावर तर काहीच लिहिलेले नसते आणि शेवेचा तोच डाव शंकरपाळ्यांच्या पिंपातही जातो. ते टाळणेच बरे.

शिक्षकांसाठी आणि वर्गमित्रांसाठी एक गोष्ट. अशा मुलाला “एका घासाने काय होते?” असा आग्रह करू नका, एका घासाचा हिशेब तुम्ही आता करू शकता. प्रसादाचा शिरा त्याने नाकारला तर तो अपमान समजू नका. वाढदिवसाला तांदळाच्या पिठाचे उकडीचे मोदक किंवा सोलून खायची फळे ठेवली, तर त्याला बाजूला बसावे लागणार नाही. आणि दुसरी बाजूही लक्षात असू द्या: ज्याला हा रोग नाही, त्याने गहू सोडण्याचे कारण नाही. रोगाची शंका असेल तर गहू बंद करण्याआधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. आधीच बंद केला तर तपासणीत रोग लपून राहू शकतो.

करून पाहा

गव्हाची धूळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्या जागी हळद घेऊ. टेबलापासून १, २ आणि ३ मीटरवर पांढरे कागद पसरा. नाकावर रुमाल बांधून चमचाभर हळद टेबलावर चाळा. पंखा मंद ठेवा. पंधरा मिनिटांनी कागदांवर धुण्याच्या सोड्याचे पातळ द्रावण हलकेच शिंपडा. हळद असेल तेथे लाल ठिपके उमटतील. ते मोजून अंतराशी आलेख काढा. मग स्टीलच्या ताटलीत हळद पसरून झटका, कोरड्या फडक्याने पुसा आणि सोड्यात भिजवलेला कागद तिच्यावर दाबा. ‘स्वच्छ’ ताटली काय सांगते ते पाहा. शेवटी साबणाने घासून, भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा तपासा. सोड्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

सोडवा

१. एका चिवड्यात ग्लूटेन बरोबर २० दशलक्षांश आहे. किती चिवडा खाल्ल्यास १० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जाईल?

२. चक्कीत गव्हाचे २०० ग्रॅम पीठ उरले आहे. दर किलो ज्वारी दळल्यावर उरलेल्याचा पाचवा भाग मागे राहतो असे माना. त्यानंतरच्या ५ किलो ज्वारीत मर्यादा पाळायची तर चक्कीत १.२५ ग्रॅमहून कमी गहू उरायला हवा. आधी किती किलो ज्वारी दळून बाजूला काढावी लागेल?

३. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहून सांगा: अशा घराने गिरणीत जावे, की लहान स्वतंत्र चक्की घ्यावी?

उत्तरे: १. अर्धा किलो. २. चार किलो (२००, ४०, ८, १.६, ०.३२ ग्रॅम). ३. पाच किलो पिठासाठी चार किलो बाजूला काढणे कोणत्या घराला परवडेल, याचा विचार वर्गात करा. आणि तुमच्या गिरणीवाल्याकडे ज्वारी-बाजरीची वेगळी चक्की आहे का, तेही विचारून या.